सर्दी गेली, पण वाकलं की गाल का ठणकतो?

निशिगंध:
सर्दीला आठवडा झाला. नाक मोकळं झालंय, पण चपलेचा बंद लावायला वाकले की उजवा गाल ठणकतो, वरच्या दाढा ठसठसतात. दात तपासले, कीड नाही. डाव्या कुशीवर झोपलं की घशात काहीतरी उतरतं आणि बरं वाटतं. नाक मोकळं आहे, तर मग अडलंय काय?

अस्थिपेटी:
मी शरीररचना शिकवते, कवटी रोज हातात असते. कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, गालांत आणि नाकाच्या पार मागे हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, तेच सायनस. गालातली पोकळी सगळ्यांत मोठी आणि नेमकं तिचंच नाकात उघडणारं भोक अडनिड्या जागी. विद्यार्थी ते तळाशी शोधत बसतात. असतं वर, छताजवळ, जेमतेम काही मिलिमीटरचं. मग शेंबूड वर चढवतं कोण? अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस. सेकंदाला १०-२० वेळा हलत ते शेंबडाचा थर त्या भोकाकडेच ढकलत नेतात. मला आजही याचं अप्रूप वाटतं!

सर्दीत अस्तर सुजतं, भोक मिटतं, केस मंदावतात. नाक सुटलं तरी भोक सुटायला वेळ लागतो; तोवर शेंबूड आत साचतो आणि वाकलं की त्याचा दाब गालात जाणवतो. डाव्या कुशीवर उजव्या पोकळीचं भोक खालच्या अंगाला येतं, म्हणून निचरा होतो. आणि वरच्या दाढांची मुळं पोकळीच्या तळाला खेटून असतात, त्यामुळे दुखणं दातांत जाणवतं. ॲलर्जी, सिगारेटचा धूर, नाकाचा वाकडा पडदा, पॉलिप म्हणजे अस्तराची मऊ गाठ, यांनीही हाच मार्ग अडतो.

रानवाट:
शेंबूड हिरवा-पिवळा असेल तर अँटिबायोटिक लागतंच ना?

अस्थिपेटी:
नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. १० दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. औषध ते ठरवतील.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कवटी दिव्यासमोर धरली की डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंतीतून उजेड आरपार दिसतो, इतकं पातळ हाड आहे ते. पलीकडेच सायनस. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा तापासोबत मान ताठली, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

निशिगंध:
तसं काही नाही. नाक मोकळं करणारा स्प्रे चालू ठेवू का?

अस्थिपेटी:
किती दिवस मारताय? ३ ते ५ दिवसांपुढे तो नको, सोडला की नाक आणखी चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.