सल्ला हवा: आपल्या जागेत कोणी घसरून पडलं तर मालकाची जबाबदारी किती?

पायरीवरचा: तळमजल्याचा गाळा भाड्याने दिला आहे. प्रवेशद्वार आणि जिना सामायिक, दोन्हीकडे चकचकीत ग्रॅनाइट. ओल्या फरशीवर कोणी पडलं तर भरपाई मालकाने द्यायची की भाडेकरूने? आधीच काय करून ठेवावं?

कलम_वाचक: मालकी कोणाची यापेक्षा ताबा कोणाचा, हे आधी पाहतात. गाळ्याच्या आत साधारणपणे भाडेकरू, सामायिक जिना-प्रवेशद्वार मालकाकडे. भाडेकरारात सफाई, दिवे आणि दुरुस्ती कोणाकडे हे स्वतंत्र लिहा. 'देखभाल भाडेकरूची' एवढ्या मोघम वाक्यावरच पुढे भांडणं होतात.

नुसतं कोणी पडलं म्हणून मालक दोषी ठरत नाही. धोका त्याला माहीत होता, किंवा वाजवी लक्ष ठेवलं असतं तर कळला असता, हे दिसावं लागतं. पाणी दोन मिनिटांपूर्वी सांडलं की दोन तासांपूर्वी, यावर निकाल फिरतो. इंग्लंडमध्ये १९७६ च्या एका निकालात सुपरमार्केटच्या फरशीवर योगर्ट सांडलेलं होतं. ते कधी सांडलं हे पडलेल्या बाईंना सांगता येत नव्हतं, तरी दुकान हरलं, कारण वाजवी काळजी घेतल्याचं दुकानाला दाखवता आलं नाही. म्हणून पाहणीची वही ठेवा: वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, सही. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने एका बैठकीत केलेल्या असतील तर ती वही तुमच्याच विरुद्ध जाते.

फरशीतज्ज्ञ: ग्रॅनाइटची पेंड्युलम चाचणी (झुलत्या दांड्याच्या टोकाचं रबर फरशीवर घासून पकड मोजतात) करून घ्या, तीही ओल्या फरशीवर. आकडा ३६ किंवा वर असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ किंवा खाली जास्त. विक्रेता 'आर-९' ही न घसरण्याची श्रेणी सांगून निर्धास्त करतो, पण त्या श्रेणीत ९ ही सर्वात खालची पायरी आहे. शिवाय ती नव्या फरशीची चाचणी, झिजलेल्या फरशीबद्दल काहीच सांगत नाही.

पुष्कळदा दोष दगडाचा नसतोच. पुसताना साबण जास्त पडतो, त्याचा थर राहतो आणि पाणी लागलं की तोच निसरडा होतो. मोजून साबण, मग साध्या पाण्याचा हात. दाराशी पायपुसणं इतकं लांब हवं की दोन्ही पावलं त्यावर निदान दोनदा पडतील, आणि कडा वर आलेल्या नकोत.

जिन्यात पायऱ्यांची उंची मोजा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय अंदाज बांधतो, मध्येच एखादी वेगळी निघाली की तोल जातो. कडांना उठून दिसणाऱ्या रंगाची खरखरीत पट्टी लावा.

पायरीवरचा: 'फरशी ओली आहे' हा फलक पुरेसा नाही का?

कलम_वाचक: नाही. इंग्लंडच्या १९५७ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे: इशाऱ्यामुळे येणारा खरोखर सुरक्षित राहू शकत असेल, तरच तो इशारा मालकाच्या कामाचा. आत जायची वाट एकच आणि तीच ओली, तर फलक वाचून माणूस करणार काय? मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असतात हे धरूनच चालावं, असंही त्यात म्हटलं आहे.

पडणाऱ्याचाही दोष मोजतात. भरपाई १०० धरली आणि त्याचा दोष ३० टक्के ठरला तर ७० मिळतात. पण मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या अमेरिकी राज्यांत थोडा दोषही दावा बुडवू शकतो. तुमच्या भागात काय चालतं ते स्थानिक वकिलालाच विचारा.

दावा_तपासनीस: कोणी पडलंच तर आधी उपचार, मग जागेला दोरी लावा. पुसण्याआधी फोटो: लांबून, जवळून, दिव्यांसकट. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढा, बहुतेक यंत्रं जुन्यावर नवं लिहितात. साक्षीदारांची नावं घ्या. अहवालात फक्त दिसलं ते लिहा. 'त्यांचंच लक्ष नव्हतं' असले शेरे नकोत. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, उशीर केल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. आणि तुमच्या पॉलिसीत त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचं संरक्षण आहे का, ते आजच उघडून पाहा. आगीच्या विम्यात ते असतंच असं नाही.