कृत्तिकांभोवतीचा तेजोमेघ आणि ओ-३ फिल्टर
दुर्बिणीला ओ-३ फिल्टर लावूनही कृत्तिकांभोवतीचा तेजोमेघ दिसला नाही, असे आपण लिहिले आहे. त्यात फिल्टरचा दोष नाही. तो तेजोमेघ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करतो, आणि हा फिल्टर मात्र आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटरच्या वर्णपटरेषा तेवढ्या सोडून बाकी जवळजवळ सारा प्रकाश अडवतो. हंस तारकासमूहातील व्हेल (Veil) तेजोमेघ मात्र याच रेषांत चमकतो; त्यावर हा फिल्टर कमी वर्धनात लावून पाहा, काळोख्या आकाशात त्याचे पिळदार धागे फार सुंदर दिसतात. छोटे ग्रहीय तेजोमेघ (मरणासन्न ताऱ्यांनी बाहेर टाकलेले, याच रेषांत चमकणारे वायूचे ढग) शोधताना मी फिल्टर बोटांत धरून डोळा व नेत्रिका (दुर्बिणीचे डोळ्याकडचे भिंग) यांच्यामध्ये पुढेमागे सरकवतो: आजूबाजूचे तारे मंदावतात, तेजोमेघाचा ठिपका मात्र टिकून राहतो.