आठव्या हेन्रीनं कॅथरिनला 'घटस्फोट' दिला का?

पानपुस्ती
शाळकरी मुलांसाठीच्या एका इतिहासमालेचं भाषांतर करतेय. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपाशी अडले. मी लिहिलं होतं, 'मुलगा होत नाही म्हणून राजानं राणी कॅथरिनला घटस्फोट दिला.' संपादकबाईंनी 'घटस्फोट'वर लाल रेघ ओढून 'विवाह रद्दबातल ठरवून घेतला' असं केलं. तेच वाक्य भाचीला वाचून दाखवलं. ती नऊ वर्षांची आहे. म्हणाली, "गाडी रद्द होते तसं? मग १५०९ ते १५३३ ते दोघं एकमेकांचे कोण होते?" मला उत्तर देता आलं नाही. एकच शब्द हवा आहे, मुलांना कळेल असा.

कोर्टपायरी
संपादकबाईंचं बरोबर आहे. घटस्फोटात लग्न झालेलं असतं, ते आजपासून संपतं. रद्दबातल म्हणजे ते लग्न कायद्यानं कधी लागलंच नव्हतं. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही रद्दबातल लग्नाचं कलम ११ वेगळं आणि घटस्फोटाचं कलम १३ वेगळं. हेन्रीला घटस्फोट मिळण्यासारखाच नव्हता, कारण त्या काळच्या चर्चच्या लेखी वैध लग्न नवराबायकोच्या जिवंतपणी तुटतच नसे. म्हणून त्याला सिद्ध करावं लागलं की कॅथरिन ही थोरल्या भावाची, आर्थरची, विधवा. म्हणजे वहिनी. तिच्याशी लग्न देवाच्या कायद्यात बसत नाही आणि पोप दुसऱ्या ज्युलियसनं १५०३ मध्ये दिलेली परवानगीच चूक होती. तुमच्या भाचीच्या प्रश्नाचं हेन्रीकडचं उत्तर स्पष्ट होतं: कोणी नव्हते. म्हणून तर १५३३ नंतर कॅथरिनला राणी म्हणायला बंदी झाली. ती फक्त 'युवराज आर्थरची विधवा' उरली. तिनं ते मरेपर्यंत मान्य केलं नाही.

जुनी वही
थांबा. घटस्फोट म्हणजे काडीमोड हा अर्थ अलीकडचा. मूळ विधी पतिताला जातीबाहेर टाकण्याचा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे: दासीनं पाण्यानं भरलेला घडा पायानं कलंडायचा, मेलेल्यासाठी करतात तसा, आणि नातलगांनी सुतक पाळायचं. माणूस जिवंत, पण आपल्यापुरता मेला. आता कॅथरिनकडे बघा. १५३१ मध्ये तिला दरबारातून हलवलं ते कायमचं. पोटच्या मेरीला भेटू दिलं नाही. शेवटी किम्बोल्टनच्या गढीत १५३६ च्या जानेवारीत गेली. मूळ अर्थानं हा घटस्फोटच आहे, आणि 'रद्दबातल'पेक्षा शंभरपट खरा.

कोर्टपायरी
मूळ अर्थ आज कोणाला माहीत आहे? नऊ वर्षांची मुलगी मनुस्मृती उघडून बसणार नाही. शब्दाचा अर्थ वापरात असतो.

जुनी वही
वापरच बघायचा तर त्या काळचे इंग्रज स्वतः या प्रकरणाला 'डिव्होर्स'च म्हणत होते. वापर तुमच्या बाजूनं नाही.

मळेवाट
दोघांनीही संस्कृत आणि कोर्ट सोडावं. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द घराघरांत आहेत. आमच्या आजोळी दोन्हीकडची माणसं ओट्यावर बसली, वाळकी काडी मधोमध मोडली, अर्धी इकडे अर्धी तिकडे टाकली, की संपलं. मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्या बाईनं ती अर्धी काडी उचलून पदराच्या टोकाला बांधली होती. फारकत हा तर फारसी 'फारिगखती'. देणंघेणं फिटलं असा कागद.

जुनी वही
फारकत 'फुर्कत'वरून, म्हणजे विरह. फारिगखती पैशाच्या व्यवहाराची.

मळेवाट
मग आमच्याकडे शेताच्या वाटण्या झाल्यावरही 'फारकत झाली' म्हणतात ते का? भावाभावांत कसला विरह?

जुनी वही
भावाभावांतच खरा विरह असतो.

वसईकर
आमच्याकडे चर्चमधलं हे प्रकरण अजून चालू असतं, म्हणून लिहितो. धर्मप्रांताचं न्यायमंडळ लग्न मोडत नाही. ते आधीपासून अवैध होतं का, एवढंच तपासतं. घरात मात्र सगळे 'लग्न रद्द करून घेतलं' असंच बोलतात आणि सगळ्यांना कळतं.
पण खरा घोळ या शब्दाचा नाहीच. हेन्रीनं बोट ठेवलं ते बायबलातल्या लेवीय २०:२१ वर: भावाच्या बायकोशी संबंध ठेवणारे निःसंतान राहतील. उलट बायबलातल्याच 'अनुवाद' या पुस्तकात, २५:५ मध्ये, मेलेल्या भावाला मूल नसेल तर दिरानं विधवेशी लग्न करावं असं सांगितलंय. पानपुस्ती, तुमच्या धंद्याचंच नाव आहे त्या पुस्तकाला. आता हेन्रीला तर मेरी होती. १५११ च्या नव्या वर्षाच्या दिवशी झालेला मुलगा बावन्न दिवसांत गेला, तरी मेरी जगली. मग निःसंतान कसा? हिब्रूचा जाणकार रॉबर्ट वेकफील्ड यानं राजाला सांगितलं की तिथे संतती नव्हे, मुलगा असा अर्थ घ्यायचा. एका शब्दाच्या भाषांतरावर सगळं उभं राहिलं.

सांजवात
वसईकर, हे वाचून अंगावर काटा आला. आपल्या 'निपुत्रिक' शब्दात अगदी हेच आहे. अर्थ 'मूल नसलेला', पण शब्दात पुत्रच बसलाय. माझ्या आजीला चार मुली. आजोबा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी तिच्यादेखत कोणीतरी म्हणालं, "निपुत्रिक वारले." आई तेव्हा बारा वर्षांची होती, दारात उभी होती. ती आज सत्तरीत आहे, तो शब्द अजून उच्चारत नाही.

जुनी वही
व्युत्पत्तीनं तो वापर चूक नव्हता. निपुत्रिक म्हणजे पुत्र नसलेला.

सांजवात
चार मुली समोर उभ्या असताना चूक नव्हता?

कोर्टपायरी
इथे मी सांजवातबरोबर आहे. आज निपुत्रिक म्हणजे अपत्यहीनच. मुली असलेल्याला कोणी तसं म्हणत नाही.

मळेवाट
म्हणतात हो. तुमच्या शहरात नसतील म्हणत.

पानपुस्ती
सगळ्यांचे आभार, पण मला उद्या पानं द्यायची आहेत. सध्या असं केलंय: 'आपलं लग्न मुळात लागलंच नव्हतं, असं हेन्रीनं ठरवून घेतलं.' पोपनं नकार दिल्यावर आर्चबिशप क्रॅनमरनं २३ मे १५३३ रोजी डन्स्टेबलला निकाल दिला, तेही खाली जोडलंय. ॲन बोलीनशी त्याचं लग्न आधी जानेवारीतच झालं होतं, हे घालू की नको?

कोर्टपायरी
घालाच. पहिलं लग्न शून्य मानलं तर दुसरं वैध. त्याच्या हिशेबात त्यानं दोन बायका केल्याच नाहीत. आणि मेरीचंही लिहा. १५३४ च्या कायद्यानं ती वारसातून गेली. आपल्या कायद्यात कलम १६ मुळे अशा लग्नाची मुलं औरस राहतात. तिला ते संरक्षण नव्हतं.

सांजवात
औरस, अनौरस. हे शब्दही मुलांच्या पुस्तकात येणार का?

मळेवाट
जुनी वही, वाटणीच्या फारकतीचं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही.