पीएफमधला मालकाचा वाटा शेवटी जातो कुणाच्या खिशातून?

वाशिष्ठीकाठ

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत माझा भाचा ठेकेदारामार्फत एका रसायन कारखान्यात लागला. ठरवताना सुपरवायझरने सांगितलं, "सगळं मिळून 17,438." घरच्यांनी तोच पगार धरला. खात्यात जमा झाले 12,887.

स्लिप घेऊन बसलो. वेतन 15,000. त्यातून भाच्याचा पीएफ 1,800, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 113, व्यवसाय कर 200. ही कपात कायद्याने त्याचीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न वरच्या 2,438 रुपयांचा. त्यात मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्च धरून 13 टक्के म्हणजे 1,950, आणि ईएसआयचे 3.25 टक्के म्हणजे 488. मालकाने आपल्या पदरचे भरायचे पैसे पोराला पगार म्हणून सांगितले.

1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत स्वच्छ म्हटलं आहे की मालकाने आपला वाटा कामगाराच्या वेतनातून वसूल करायचा नाही, तसा करार असला तरी नाही. ठेकेदारालाही ती मुभा नाही. मग आधीच आकडा फुगवून सांगायचा आणि त्यातून हा वाटा वजा करायचा, याला दुसरं काय म्हणायचं? माझं म्हणणं इतकंच आहे की ठेक्याच्या दरात वेतन वेगळं, कायद्याची देणी वेगळी आणि ठेकेदाराचं सेवाशुल्क वेगळं लिहावं. बोली लावायची ती फक्त सेवाशुल्कावर.

घाटमाथा

मी स्वतः माणसं पुरवतो, म्हणून लिहितो. कंपनी मला माणशी 20,000 देते, जीएसटी वेगळा. तुमच्याच हिशेबाने 17,438 गेले की उरतात 2,562. त्यात बोनस, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटीची तरतूद, गणवेश, सेफ्टी बूट, ऑफिसचा खर्च आणि जे उरेल ते माझं. कंपनीचं बिल दोन-दोन महिने पास होत नाही. पीएफ मात्र पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरावाच लागतो, चुकला तर वर्षाला 12 टक्के व्याज आणि वर दंड. पोराच्या पगारातून मी एक पैसा कापलेला नाही. दर कंपनी ठरवते, मी तो फक्त वाटून देतो.

वाशिष्ठीकाठ

@घाटमाथा, तुम्ही नियमाने भरता हे चांगलंच. पण "दर कंपनी ठरवते" हेच तर माझं दुखणं आहे. दर एकच आकडा असला की त्यातली प्रत्येक नवी देणी कामगाराच्या वेतनातून किंवा तुमच्या 2,562 मधून निघणार. आणि तुमच्यातून निघण्याआधी ती त्याच्यातून निघेल.

संगमेश्वरी

कायद्याने पैसे कुणाकडून घ्यायचे आणि भार प्रत्यक्षात कुणावर पडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोष्टकात ओळ वेगळी केल्याने भार हलत नाही.

चिलीत 1981 साली सामाजिक सुरक्षेची व्यवस्था बदलली आणि मालकांवरचा वेतनकर, म्हणजे पगारामागे मालकाने भरायचा वाटा, बराच उतरला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की जवळजवळ सगळा फायदा पगारवाढीच्या रूपाने कामगारांकडे गेला. म्हणजे आधीचा भारही तेच सोसत होते. उलट स्वीडनने 2007 पासून तरुणांसाठी मालकांचा वेतनकर कमी केला, तेव्हा त्या तरुणांच्या हातातला पगार वाढला नाही, रोजगार मात्र वाढला. दोन देश, दोन उत्तरं. कामगाराला नाही म्हणण्याची किती सोय आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, किमान वेतन. ज्याचा पगार किमान वेतनाला टेकलेला आहे त्याचं वेतन आणखी खाली ढकलता येत नाही. मग मालक माणसं कमी करतो, नाहीतर हजेरीवहीतून नावच गाळतो. मला जास्त भीती या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

पावसचा बागायतदार

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी पाठवली की पूर्वी पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, आडत (दलालाचं कमिशन) कापून यायची. 2016 साली सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. कागदावर आमची कपात संपली. पण खरेदीदार दर बोलताना त्याची आडत मनात धरूनच बोलणार, हे लहान पोरालाही कळतं. आमच्या पट्टीत तरी हातात येणारी रक्कम तेवढी वर गेलेली मला दिसली नाही. म्हणून संगमेश्वरी म्हणतात ते पटतं. तरीही आडत कुणाच्या नावावर आहे हे आज आम्हाला माहीत असतं आणि दलालाशी बोलताना त्याचा उपयोग होतो.

गुहागरकर, सध्या लीड्स

इथे हीच गोष्ट उघड्यावर घडते. मी आयटीत कंत्राटावर आहे, पगार 'अंब्रेला' कंपनीमार्फत होतो. एजन्सी अंब्रेलाला ठरलेला दर देते. त्यातून आधी मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (इथला सामाजिक सुरक्षेचा भरणा) आणि अंब्रेलाचं शुल्क जातं, उरतो तो माझा ढोबळ पगार, आणि मग त्यावर माझा कर आणि माझा नॅशनल इन्शुरन्स. एप्रिल 2025 पासून मालकाचा दर 13.8 वरून 15 टक्के झाला आणि ज्या रकमेच्या वर तो लागतो ती मर्यादा वर्षाला 9,100 वरून 5,000 पौंडांवर आली. 50,000 पौंड पगारावर मालकाचा भरणा 5,644 वरून 6,750 झाला. एजन्सीने दर वाढवला नाही. फरक माझ्या पगारातून गेला. माझ्या ओळखीच्या एकीने दर वाढवून घेतला, कारण तिच्या कामाची माणसंच मिळत नाहीत.

पण 2020 पासून इथे एजन्सीला काम ठरण्याआधी एक माहितीपत्रक द्यावं लागतं. दर किती, त्यातून काय काय जाणार, हातात अंदाजे किती, सगळं त्यात असतं. मला धक्का बसला नाही, कारण आकडा आधी पाहिला होता. वाशिष्ठीकाठ यांच्या भाच्याला ते पान मिळालं असतं तर घरात 17,438 चा हिशेब झालाच नसता.

मालवणी झील

माका इतक्या मोठ्या चर्चेत पडायचा नाय, हातात काय गावता ता सांगा. पंचविशीतल्या पोराला 58 व्या वर्षाची पेन्शन काय कामाची? ईएसआय कापतात, पण मोठं दुखणं आलं तर आमची माणसं गोव्याला नाहीतर कोल्हापूरला धावतात. मालकाचा आणि माझा दोन्ही वाटे रोख द्या, मी माझं बघेन. मासेमारीच्या बोटीवर जाणाऱ्या खलाशाला पीएफ नाही, पण हिशेब रोख आहे.

खाडीपट्ट्यातली

@मालवणी झील, माझा दीर असंच म्हणायचा. कशेडी घाटात मोटारसायकलवरून गेला. तेव्हा त्याला ठेक्यावर लागून फार दिवस झाले नव्हते. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात हे स्वतः निवृत्त होताना. सभासद नोकरीत असताना गेला तर एका महिन्याचा भरणाही विधवेच्या पेन्शनला पुरतो. शिवाय ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबतचा मृत्यूविमा, ज्याची कमाल मर्यादा सात लाख आहे. जाऊबाईंच्या खात्यात दोन्ही आलं, कारण त्या ठेकेदाराने पहिल्या महिन्यापासून नाव घातलं होतं आणि दिराने वारस नोंदवला होता. दोन मुलं लहान आहेत. खलाशाच्या घरी असं काही झालं तर मालकाने माणुसकीने दिलं तेवढंच.

मालकाचा वाटा आमच्याच पगारातून जातो असं मानलं, तरी तो मला रोख नको आहे. तो खरोखर भरला जातो का, याची खात्री हवी.

वाशिष्ठीकाठ

खाडीपट्ट्यातल्या वहिनींचं सगळं पटलं, आणि माझाही वाटा बंद करायला विरोधच आहे. संगमेश्वरी, भार हलत नसेल कदाचित. पण आकडा लपलेला असला की भाच्यासारख्याला भाव करताच येत नाही. दोन ठेकेदार आले तर कोण जास्त देतो हे त्याला कळणार कसं? एक 'सगळं मिळून' सांगतो, दुसरा वेतन सांगतो.

संगमेश्वरी

हे मान्य. भाव करण्याची ताकद माहितीने थोडी वाढते. पण तुमच्या यादीत एक वाढवा, मूळ वेतन. काही ठिकाणी 15,000 चे तुकडे करून मूळ वेतन छोटं दाखवतात आणि बाकी भत्ते, म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलं आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचे. अशा ठिकाणी हातात थोडे जास्त येतात म्हणून पोरं खूश असतात, आणि निधी व पेन्शन दोन्ही बारीक होतात.

घाटमाथा

मी पुढच्या कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहीन, त्यात माझं काही जात नाही. माणसाला लावतानाही हातात किती येणार ते सांगेन. पण कंपनीचा खरेदी विभाग तळाची एकूण बेरीज बघतो. शेजारचा ठेकेदार पीएफ अर्ध्याच माणसांचा भरून माणशी 18,500 चा दर देतो, आणि काम त्याला मिळतं. त्याने नाही भरला तर पीएफ कार्यालय मूळ कंपनीकडूनही वसूल करू शकतं, हे त्या खरेदीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं तर तो म्हणतो, तुम्हाला काम नको आहे का?

खाडीपट्ट्यातली

मग आपापल्या घरच्यांना सांगूया. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू करून घ्या, उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि दर महिन्याला दोन्ही वाटे जमा झालेत का ते बघा. आणि वारस नोंदवा. वाशिष्ठीकाठ, भाच्याचा वारस नोंदवलाय का?