ठासणीच्या बंदुकीत हरणासाठी कोणती गोळी? माझं मत शिशाच्या गोल गोळीला

चकमक_पेनसिल्व्हेनिया

नाताळ उलटला की आमच्याकडे चकमकीच्या बंदुकांचा हंगाम लागतो. पेनसिल्व्हेनियात तो १९७४ पासून आहे. ठिणगी देणारी तयार टोपी (कॅप) नाही, काडतूस नाही. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडली, रंजक (नळीच्या कानाशी ठेवलेली चिमूटभर दारू) पेटली, तरच बार उडतो. शेजारच्या आजोबांनी मला हे शिकवलं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

दुकानात गेलं की सगळे लांबट गोळ्या, प्लास्टिकच्या वाटीतल्या गोळ्या, तांब्याच्या गोळ्या पुढे करतात. माझं म्हणणं असं की पन्नास-साठ यार्डांच्या आत व्हाइटटेल हरणासाठी मऊ शिशाची गोल गोळी पुरेशी आहे आणि तीच योग्य आहे. माझी नळी ५० कॅलिबरची, म्हणजे आतून अर्धा इंच रुंद. तिच्यात ०.४९० इंचाची गोळी तेल लावलेल्या सुती चिंधीत बसवून ठासतो. वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. नळीतल्या आट्यांचा पीळ ६६ इंचांत एक फेरा इतका मंद आहे. अशी नळी गोल गोळीसाठीच घडवलेली असते. तिच्यात लांबट गोळी घातली तर ती हवेत डगमगते.

गेल्या जानेवारीत पंचेचाळीस पावलांवर मादी उभी होती. गोळी फासळ्यांतून दोन्ही फुफ्फुसांत गेली आणि पलीकडच्या कातडीखाली अडकली. काढली तेव्हा नाण्यासारखी चपटी झाली होती. जनावर चाळीस पावलं धावलं आणि पडलं. याहून जास्त काय हवं?

मिशिगनची_माई

दादा, तुमचं पंचेचाळीस पावलांचं उदाहरण खरं आहे, पण ते तुमच्याच बाजूचं आहे. माझं ऐका. सहा वर्षांपूर्वी मीही गोल गोळीच वापरायचे. डिसेंबरातली संध्याकाळ, अंतर पंच्याऐंशी यार्ड. मला ते साठ वाटलं. गोळी खांद्याला लागली, आत गेली, बाहेर आलीच नाही. बर्फावर रक्ताचे चार थेंब, पुढे काहीच नाही. नवरा आणि मी रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन हिंडलो, दुसऱ्या दिवशीही गेलो. ते हरीण सापडलं नाही. आजही ती जागा आली की मी गाडी हळू करते.

गोल गोळीचा दोष हाच आहे. आकार असा की हवा तिला लगेच रोखते, शंभर यार्डांवर वेग जवळपास निम्म्यावर येतो. आता माझ्याकडे २८ इंचांत एक फेरा असलेली नळी आहे आणि तिच्यात सॅबोतली, म्हणजे प्लास्टिकच्या वाटीतली, २५० ग्रेनची तांब्याची गोळी. टोकाला खोल पोकळी असते, जनावरात शिरल्यावर ती पाकळ्यांसारखी उघडते आणि आरपार जाते. दोन भोकं म्हणजे रक्ताची माग, आणि माग असली की जनावर सापडतं.

दुसरं कारण घरातलं. हे मांस माझी मुलं खातात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो खिमा वापरू नका असं सांगावं लागलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. आपल्या ताटात काय येतं याचा विचार शिकाऱ्याने करायलाच हवा.

चकमक_पेनसिल्व्हेनिया

माई, त्या रात्रीचं वाचून गलबललं. पण चूक अंतर ओळखण्यात झाली, गोळीत नाही. पंच्याऐंशी यार्डांवर मी चाप ओढणारच नाही.

नॉर्थ डकोटातली गोष्ट मुख्यतः आधुनिक रायफलींच्या वेगवान गोळ्यांची. त्या आत गेल्यावर फुटतात, कण लांबवर पसरतात. माझी गोळी त्यांच्या मानाने संथ आणि शुद्ध शिशाची. ती चपटी होते, तिचा चुरा होत नाही. जखमेभोवतीचं मांस मी हातभर कापून टाकून देतो.

मिशिगनची_माई

"चुरा होत नाही" हे डोळ्यांनी बघून म्हणताय. बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. कमी असतील हे मान्य, नसतील असं मी मुलांच्या बाबतीत धरणार नाही. आणि रानात टाकलेली आतडी गरुड खातात, त्यांचं काय?

रॉकीजवासी

तुम्ही दोघं आवडीनिवडीवर बोलताय, आमच्याकडे कोलोरॅडोत कायदाच निवड करून देतो. सप्टेंबरच्या ठासणी-हंगामात सॅबो बंद, दुर्बीण बंद, दारूच्या तयार वड्याही बंद. हरणासाठी किमान ४० कॅलिबर, एल्क या मोठ्या हरणासाठी ५०. लांबट गोळी चालते, पण तिची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. म्हणून मी ३८५ ग्रेनची शिशाची लांबट गोळी वापरतो. धक्का खांद्याला जाणवतो, पण एल्कच्या हाडातून ती जाते. हरणासाठी इतकी जड गरज नसते हे मान्य, फक्त एका बंदुकीत दोन गोळ्या बसवत राहण्यापेक्षा एकीवर हात बसलेला बरा. माईंची गोळी उत्तम असेल, इकडे मात्र तिच्यावर दंड होईल. आधी राज्याचं नियमपत्रक, मग दुकान.

एक सांगतो, कारण नवखे वाचत असतील. गोळी कुठलीही असो, दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. रिकाम्या नळीत गज (ठासायची काठी) किती जातो आणि भरल्यावर किती, या दोन्ही खुणा गजावर करून ठेवा. एक बार झाला की नळीत काजळी साठते आणि दुसरी गोळी अर्ध्यात अडते. प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवायचा आळस नको.

कुडाळकर

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्यावर होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. ते दारूवर नारळाचा काथ्या ठासत, वर छर्रे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने इथे हौसेची शिकार बंदच झाली, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं. मला शिकार पटत नाही हे आधीच सांगतो.

तरी एक आठवतं. दुसरा बार भरायला वेळ लागतो म्हणून आजोबा रानडुकरावरही पहिला बार सहजी उडवत नसत. तुमची तांब्याची गोळी आणि दुर्बीण आली की माणूस लांबून धाडस करतो. माई, तुम्ही आज दीडशे यार्डांवर चाप ओढता ना?

मिशिगनची_माई

कुडाळकर, प्रश्न टोचला, पण रास्त आहे. एकशेवीस यार्ड ही माझी मर्यादा. यंदा ऑगस्टमध्ये बसून, टेकू घेऊन, पंचवीस बार मारून ती ठरवली. थाळीएवढ्या वर्तुळाबाहेर एक जरी गेली असती तर शंभर धरली असती. आधीच्या गोळीने हीच परीक्षा घेतली असती तर साठच्या पुढे गेले नसते. ती मी घेतली नव्हती.

चकमक_पेनसिल्व्हेनिया

माई, थाळीची परीक्षा मी कधी टेकूशिवाय, उभ्याने घेतलेली नाही, आणि रानात मी उभाच असतो. या रविवारी पन्नास, साठ आणि सत्तरवर मारून बघतो. शिशाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. माझ्या मंद पिळाच्या नळीत तांब्याची लांब गोळी स्थिर राहणार नाही. आतडी पुरून टाकणं माझ्या हातात आहे, ते यंदापासून करतो. फावडं गाडीत असतंच.