प्रतिहारिणी, नीला आणि काळीज : कासवाच्या यकृतापाशी अडलेले शब्द

प्रश्न : गोड्या पाण्यातल्या कासवांच्या शरीररचनेवरचा लेख मराठीत आणतो आहे. 'हिपॅटिक व्हेन' आणि 'हिपॅटिक पोर्टल व्हेन' दोन्हींना 'यकृतनीला' लिहून बसलो. आता रक्त यकृतात येतंय की बाहेर पडतंय तेच वाचणाऱ्याला कळत नाही. आणि यकृताला सरळ 'काळीज' म्हटलं तर?

उत्तर : यकृतातून निघून हृदयाकडे जाते तीच यकृतनीला. आतड्यांकडून यकृतात येते तिला आयुर्वेदाच्या शारीरात 'प्रतिहारिणी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. प्रतिहार म्हणजे दार आणि दारावरचा राखणदारही. लॅटिन 'पोर्टा'चा अर्थही दारच. अन्नरस घेऊन आलेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी या दारातून आत घेतलं जातं आणि यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्यांत पुन्हा फाकतं.

कासवात आणखी एक पेच आहे. उदरकवचाच्या आतल्या अंगाने दोन उदरनीला मागच्या पायांकडचं रक्त घेऊन पुढे येतात आणि त्याही यकृतातच शिरतात. बेडकात अशी एकच असते. 'नीला'चं अनेकवचन 'नीला'च, म्हणून 'दोन' हा शब्द गाळू नका. 'नीला म्हणजे हृदयाकडे रक्त नेणारी' ही शाळेतली व्याख्या इथे तोकडी पडते. कासवाला इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, त्यामागे हेही एक कारण आहे : मागच्या पायात टोचलेलं औषध आधी मूत्रपिंडात किंवा यकृतात जाऊ शकतं.

आणखी एक उत्तर : 'काळीज' टाळा. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत, पण काळीज धडधडतं तेव्हा ते हृदय असतं. तुमच्या लेखात तर दोन्ही अवयव एकाच वाक्यात येणार. अमरकोशात यकृताला 'कालखण्ड' असाही शब्द आहे, काळा तुकडा. कासवाचं यकृत रंगद्रव्यामुळे बरेचदा काळपट तपकिरी दिसतं, त्याला तो शोभलाही असता. पण आज कालखंड म्हणजे काळाचा तुकडा. 'यकृत'च ठेवा. त्याचे उजवा आणि डावा असे दोन खंड, पित्ताशय उजव्या खंडात.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. वाक्य असं केलं : 'प्रतिहारिणी आणि दोन उदरनीला यकृतात रक्त आणतात; यकृतनीला ते हृदयाकडे नेतात.'

उत्तर : यकृतरोहिणी राहिली. हृदयाकडून थेट येणारं रक्त तीच आणते. 'आणतात'च्या बाजूला तिला घाला.