टेस्टमधली एक सेकंदाची डुलकी: ठेवायची की काढायची?

रात्रपाळी:
आमच्या प्लगिन लोडरची (प्लगिन म्हणजे जोड-प्रोग्रॅम, ते चढवणारा कोड) टेस्ट अशी आहे. पायथनची फाईल लिहायची, त्यात आकडा ५. इम्पोर्ट करायची. मग ५ च्या जागी ७ लिहून रीलोड करायचं आणि ७ आला का बघायचं. बहुतेक वेळा ५ च येतो. मध्येच सेकंद बदलला, तरच पास! कारण पीवायसी कॅशेत (फाईलची आधीच कंपाइल करून ठेवलेली प्रत) पायथन मूळ फाईलच्या दोनच गोष्टी टिपतो: एमटाईम (शेवटच्या बदलाची वेळ) आणि आकार. एमटाईमही पूर्ण सेकंदांत. ५ चा ७ केला तर बाइट तेवढेच, सेकंदही तोच. त्याला बदल दिसणार कुठून?

यावर कोणीतरी पूर्वी स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, टाकून ठेवलंय, १ सेकंदाचं. अशा ४० टेस्ट आहेत. माझं मत, स्लीप उडवा आणि दुसऱ्यांदा लिहिल्यावर यूटाइमने (फाईलवरची वेळ हवी ती लावणारं फंक्शन) फाईलची वेळ २ सेकंद पुढे ढकला.

जुनं खोड:
साफ विरोध. कोड जनरेटरने एका सेकंदात दोनदा फाईल लिहिली, तर गिऱ्हाइकाकडे यूटाइम मारायला कोण जाणार? टेस्ट खरं बोलतेय आणि तुम्ही तिचं तोंड दाबताय. स्लीपसुद्धा तेच करतं म्हणा, फक्त सावकाश.

चहाबाज:
खोडकाका, टेस्ट लोडरची आहे, पायथनच्या कॅशेची नाही. ज्याचं दुखणं त्याने बघावं.

जुनं खोड:
गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) असं म्हटलं नाही. त्यालाही हाच त्रास होता. इंडेक्स (त्याची फाईलींची यादी) लिहिला त्याच वेळेचा किंवा नंतरचा एमटाईम असलेली फाईल तो संशयित धरतो आणि सरळ मजकूर ताडून बघतो. पायथनमध्येही ३.७ पासून (२०१८) हॅशवर (मजकुरावरून काढलेला ठसा) चालणाऱ्या पीवायसी आहेत. वापरा की!

रात्रपाळी:
मग प्रत्येक लोडला मूळ फाईल वाचून हॅश काढायचा. आमचे प्लगिन नेटवर्क ड्राइव्हवर असतात हो.

पेनड्राइव्ह:
स्लीपवाल्यांसाठी: फॅटवर (पेनड्राइव्हवरची जुनी फाईल सिस्टिम) एमटाईम २ सेकंदांच्या पटीत असतो, तिथे तुमचा १ सेकंदही पुरत नाही. लिनक्सची फाईल सिस्टिम ईएक्सटी४ नॅनोसेकंद मिरवते, पण जुन्या लिनक्स कर्नलमध्ये ती वेळ घड्याळाच्या टिकला सरकते, २५० हर्ट्झला ४ मिलीसेकंदांनी. कर्नल ६.१३ मध्ये हे सुधारलं. पण पायथन सेकंदाखालचं सगळं छाटतो, त्यामुळे या टेस्टला त्याचा उपयोग शून्य.

रात्रपाळी:
बरं. ३९ टेस्टना यूटाइम. उरलेल्या एकीत यूटाइम नाही, स्लीपही नाही, लागोपाठ दोनदा लिहायचं. ती लाल (नापास) होईल, तशीच ठेवतो.

चहाबाज:
ठेव. शुक्रवारी रिलीज अडली की मॅनेजरशी तूच बोल.